बाळंतपणानंतर टमी टक : तारीख सगळ्यात शेवटी का ठरवावी आणि त्याआधी काय काय उरकावे

टमी टक, म्हणजे पोटाची सैल त्वचा व चरबी कापून काढण्याची आणि फाकलेले स्नायू शिवण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यायचे मनात आले की बहुतेक जणी आधी डॉक्टर शोधतात, पॅकेज विचारतात, नवऱ्याची सुट्टी किंवा मुलाची शाळा बघून तारीख घेतात आणि आगाऊ रक्कमही भरून टाकतात. आपल्या पोटाला नेमके काय झाले आहे, हिमोग्लोबिन किती आहे, पुढचे सहा आठवडे मुलाला कडेवर कोण घेणार, हे प्रश्न त्यानंतर येतात, आणि तोवर तारीख जवळ आल्याने त्यांची उत्तरे घाईने, बहुधा सोयीची अशी दिली जातात. हा क्रम उलटा आहे. खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत. तारीख ठरवण्याचे काम सहाव्या टप्प्यात येते आणि ते त्याआधी करू नये.

टप्पा १ : पोट सुटले म्हणजे नेमके काय झाले, ते तपासणे

बाळंतपणानंतर पुढे आलेल्या पोटामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात : ताणून सैल झालेली त्वचा, त्वचेखालची चरबी, पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमध्ये पडलेली फट, आणि आतड्यांभोवती साठलेली आतली चरबी. टमी टकमध्ये पहिल्या तिन्हींवर उपाय होतो. चौथीला या शस्त्रक्रियेत हातही लागत नाही, कारण ती स्नायूंच्या भिंतीच्या आत असते आणि मुख्यतः आहार, चालणे व व्यायाम यांनी कमी होते. आतली चरबी भरपूर असताना स्नायू आवळून शिवले, तर टाक्यांवर आतून सतत दाब राहतो आणि पोट अपेक्षेइतके सपाट होत नाही.

घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. सकाळी काही खाण्यापूर्वी सतरंजीवर उताणे झोपावे. पोट खाली बसून बरगड्यांच्या पातळीला किंवा त्याखाली जात असेल, तर पुढे आलेला भाग मुख्यतः त्वचा आणि स्नायूंचा सैलपणा आहे असे समजावे. झोपल्यावरही पोट ढोलकीसारखे टणक आणि उंच राहत असेल, तर आतली चरबी जास्त असण्याची शक्यता आहे आणि शस्त्रक्रियेचा विचार तूर्त बाजूला ठेवणे योग्य ठरते.

त्यानंतर गुडघे दुमडून बोटे बेंबीवर आडवी ठेवावीत आणि डोके व खांदे जमिनीपासून थोडेसे उचलावेत. दोन्ही बाजूंचे स्नायू कडक होतात आणि मधली फट बोटांना जाणवते. हेच बेंबीच्या चार बोटे वर आणि चार बोटे खाली करून पाहावे. फट दोन सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने दोन बोटांपेक्षा अधिक असेल, किंवा उठताना पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा येत असेल, तर तिला डॉक्टर डायस्टॅसिस म्हणतात. बोटांचा अंदाज चुकू शकतो. नेमके माप सोनोग्राफीत मिळते.

इशारा : बेंबीपाशी किंवा सिझेरियनच्या व्रणापाशी खोकताना मऊ फुगा बाहेर येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. तो आधी सर्जनला दाखवावा. फुगा एकाएकी कडक झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ही फट पोट बांधल्याने भरून येते, असा समज घराघरांत आहे. सुती कापडाने किंवा पट्ट्याने पोट बांधल्यावर कमरेला आधार मिळतो आणि उठताबसताना बरे वाटते, एवढे खरे. पण ताणून पातळ झालेला मधला पडदा पट्ट्याने पूर्ववत होत नाही. उलट पोटाच्या खोल स्नायूंचे आणि ओटीच्या तळाच्या (लघवी रोखणाऱ्या) स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून काही महिने नेमाने केले, तर पुष्कळ स्त्रियांची फट लहान होते किंवा निदान तिचा त्रास कमी होतो. या काळात पोट मध्यावर फुगत असेल तर सिट-अप (उताणे झोपून धड उचलण्याचा व्यायाम) आणि प्लँक (कोपरे व पायाच्या बोटांवर अंग तोलून धरणे) टाळावेत. फिजिओथेरपी मनापासून करून पाहिल्याशिवाय ऑपरेशनकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ऑपरेशननंतर शिवलेले स्नायू नीट वापरायलाही हेच व्यायाम लागतात.

टप्पा २ : किती थांबायचे

प्रसूतीनंतर किमान सहा महिने, आणि जमल्यास वर्षभर थांबावे. गर्भाशय, त्वचा आणि स्नायू स्वतःहून किती आवळले जातात हे त्याआधी कळत नाही. अंगावर पाजत असल्यास ते बंद केल्यानंतर आणखी तीन ते सहा महिने जाऊ द्यावेत. वजन निदान सहा महिने एका ठिकाणी स्थिर असावे, दोन-तीन किलोंचा चढउतार चालतो. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३० च्या वर असेल, तर जखम न भरणे, त्वचेखाली पाणी साठणे आणि रक्ताच्या गाठी होणे यांचा धोका वाढतो. म्हणून बहुतेक सर्जन आधी वजन उतरवायला सांगतात. टमी टक ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नाही. काढलेल्या त्वचेचे आणि चरबीचे वजन काट्यावर फारसे दिसत नाही.

पुढचे मूल हवे असल्यास थांबावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ‘कदाचित’ या उत्तराचे काय करायचे, इथे गाडी अडते. शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिला तर बाळाला त्यामुळे अपाय होतो असे नाही, आणि प्रसूतीही होऊ शकते. मात्र त्वचा आणि शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात आणि केलेले बरेचसे काम वाया जाते. म्हणून उत्तर ‘कदाचित’ असेल तर ते ‘हो’ समजून चालावे.

एक प्रश्न हमखास विचारला जातो : सिझेरियन करतानाच पोट उचलून घेतले तर एकाच भुलीत दोन्ही कामे होणार नाहीत का? त्या वेळी गर्भाशय मोठे असते, ऊती सुजलेल्या असतात, त्वचा किती काढायची याचा अंदाज येत नाही, आणि बाळंतपणाच्या काळात रक्ताच्या गाठींचा व जंतुसंसर्गाचा धोका मुळातच जास्त असतो. जबाबदार सर्जन हे करत नाहीत. सिझेरियनचा जुना व्रण मात्र नंतरच्या टमी टकमध्ये बहुतेकदा काढलेल्या त्वचेबरोबर निघून जातो.

पडताळणी : शेवटची प्रसूती कधी झाली, दूध कधी बंद केले, सहा महिन्यांपूर्वीचे आणि आजचे वजन किती, पुढचे मूल हवे की नको : या चार ओळी कागदावर लिहाव्यात. एखादी ओळ कोरी राहिली तर पुढच्या टप्प्याला जाऊ नये.

टप्पा ३ : सर्जन आणि रुग्णालय

भारतात प्लास्टिक सर्जन होण्यासाठी एम.एस. नंतर तीन वर्षांची एम.सीएच. (प्लास्टिक सर्जरी) ही पदवी किंवा त्याच तोडीची राष्ट्रीय बोर्डाची पदवी लागते. ‘कॉस्मेटिक सर्जन’, ‘एस्थेटिक तज्ज्ञ’ अशा पाट्यांवरून शिक्षण कळत नाही. नावापुढची पदवी वाचावी आणि डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत आहे का, ते ऑनलाइन तपासावे. असे तपासण्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन ते चार तास चालते. त्यामुळे जागा नोंदणीकृत रुग्णालयच असावी, तिथे पूर्णवेळ भूलतज्ज्ञ असावा, रक्ताची सोय आणि अतिदक्षता विभाग तिथेच किंवा अगदी जवळ असावा. सजवलेल्या क्लिनिकच्या खोलीत हे काम करून घेऊ नये.

पहिल्या भेटीत पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लिहून घ्यावीत. मला पूर्ण टमी टक लागेल की फक्त बेंबीखालची छोटी? स्नायू शिवणार का? बेंबीची जागा बदलणार का? सोबत लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणे) करणार असल्यास कुठे आणि किती? व्रण कुठून कुठपर्यंत येईल? ड्रेन (जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी) घालणार का? पाणी साठले तर ते कोण आणि कुठे काढेल? दुरुस्तीची वेळ आली तर तिचा खर्च कोणाचा? आधीचे-नंतरचे फोटो दाखवले जातात तेव्हा ते एकाच उजेडात, एकाच पद्धतीने उभे राहून घेतलेले आहेत का, ‘नंतरचा’ फोटो किती महिन्यांनी घेतला आहे, आणि त्यात तुमच्यासारख्या, उदाहरणार्थ जुळी किंवा दोन सिझेरियन झालेल्या स्त्रिया आहेत का, हेही पाहावे.

पूर्ण टमी टकमध्ये व्रण एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो. तो लांब असतो आणि कायमचा असतो. स्ट्रेच मार्कांपैकी केवळ कापून काढलेल्या त्वचेवरचे, म्हणजे बहुतांशी बेंबीखालचे जातात. वरचे तसेच राहतात, फक्त खाली सरकतात. पाठदुखी आणि खोकताना लघवी होणे यांत काहींना फरक पडतो. ऑस्ट्रेलियातील नऊ केंद्रांतल्या २१४ स्त्रियांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा फरक दिसला होता. मात्र तेवढ्यासाठी ऑपरेशन करू नये. त्या तक्रारींवर आधी फिजिओथेरपी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला हाच मार्ग आहे.

इशारा : ‘पोट, छाती, कंबर सगळे एकदम’ या पॅकेजला लगेच होकार देऊ नये. भुलीचा वेळ वाढतो तसा रक्ताच्या गाठींचा धोकाही वाढतो. सवलत संपण्याच्या तारखेमुळे निर्णय घ्यावा लागत असेल, तर तो निर्णयच घेऊ नये.

टप्पा ४ : पैसे, विमा आणि संमतिपत्र

अंदाजपत्रकात सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, खोली, औषधे, तपासण्या, दाबपट्टा (ऑपरेशननंतर पोटावर घालायचा घट्ट पट्टा), नंतरच्या भेटी आणि पाणी काढण्याचा खर्च हे वेगवेगळे लिहून मागावे. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची जीएसटी सूट मिळत नाही, त्यामुळे सांगितलेली रक्कम कर धरून आहे की न धरता, हे स्पष्ट विचारावे. ऐनवेळी बिल फुगते ते बहुतेकदा इथेच.

आरोग्य विम्यात दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार एवढेच अपवाद. हर्निया खरोखर असेल आणि त्याच वेळी दुरुस्त होणार असेल, तर तेवढ्या भागासाठी विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. संपूर्ण टमी टक कागदोपत्री हर्निया म्हणून दाखवण्याची सूचना कोणी केली, तर ती मान्य करू नये. दावा फेटाळला जातोच, शिवाय पॉलिसीही धोक्यात येते.

संमतिपत्र मराठीत मागावे आणि आदल्या आठवड्यात घरी नेऊन वाचावे, स्ट्रेचरवर बसून नव्हे. सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची सही लागते. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून लायपोसक्शन, हर्निया दुरुस्ती असे जे जे ठरले आहे ते नावानिशी लिहिलेले असावे.

टप्पा ५ : शरीराची तयारी, निदान सहा आठवडे

पहिली गोष्ट तंबाखू. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे सांगून विषय संपत नाही, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत सकाळची मिश्री चालते आणि ती लावणारीला ते व्यसन वाटतच नाही. मिश्री, तपकीर, तंबाखूचे पान, गुटखा, निकोटिनच्या गोळ्या, सगळ्यांत निकोटिन आहे. ते बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. या ऑपरेशनमध्ये पोटाची त्वचा बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढलेली असते आणि तिच्या खालच्या कडेला रक्त आधीच कमी पोचते. त्यात निकोटिन असेल तर ती कड काळी पडून सडू शकते. ऑपरेशनआधी चार ते सहा आठवडे आणि नंतर तितकेच आठवडे हे सगळे पूर्ण बंद हवे. घरातल्या मोठ्या बायकांसमोर सांगायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांना एकटे भेटून सांगावे, पण सांगावे.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला, आणि बाळंतपण, स्तनपान व जास्त जाणारी पाळी यांनंतर तो आणखी वाढतो. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. लोहाच्या गोळ्यांनी भरपाई व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी करावी. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी.

याखेरीज साखर, थायरॉइड, मूत्रपिंड व यकृत, रक्त गोठण्याची तपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि ऑपरेशनच्या अगदी आधी गर्भचाचणी, असा साधारण क्रम असतो. मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर ताब्यात आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी गोष्ट औषधे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, वजन कमी करण्याची इंजेक्शने : जे जे पोटात किंवा अंगात जाते त्याची यादी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना द्यावी. यांतली काही रक्तस्राव वाढवतात. वजनाच्या नव्या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामे होते, त्यामुळे भुलीत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मात्र रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गाठी होण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या कधी थांबवायच्या हे चार-सहा आठवडे आधी विचारून घ्यावे आणि तोवर दुसरे साधन वापरावे. ‘ऑपरेशनच्या दिवशी पाळी नको’ म्हणून औषधांच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणून घेणे, ही सर्रास होणारी आणि धोकादायक चूक आहे. त्याही संप्रेरकांच्याच गोळ्या आहेत. पाळी आली तर आली. रुग्णालयाला त्याची सवय असते. स्वतःला, आईला किंवा बहिणीला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर ते न विचारताही सांगावे.

आहारात प्रथिने वाढवावीत : डाळी, उसळी, अंडी, दही, पनीर, मासे. डिंकाचे लाडू पौष्टिक आहेत, पण स्थिर ठेवायचे वजन त्यांनीच वाढते.

पडताळणी : तंबाखू बंद होऊन चार ते सहा आठवडे झाले, हिमोग्लोबिन डॉक्टरांनी सांगितलेल्या पातळीवर आले, औषधांची यादी दोघांना दिली. हे तिन्ही झाले असेल तरच पुढे.

टप्पा ६ : घराची तयारी, आणि आता तारीख

सहा आठवडे साधारण पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचे नसते. दीड-दोन वर्षांचे मूल दहा किलोंच्या आसपास असते, म्हणजे या काळात मुलाला कडेवर घेता येणार नाही. ही अट सगळ्या अटींत जास्त मोडली जाते, आणि ती मोडते रात्री दोन वाजता, मूल रडत असताना आणि घरातले बाकीचे झोपलेले असताना. म्हणून ‘आई येणार आहे’ एवढ्यावर भागवू नये. दिवसा कोण, रात्री कोण, आई आजारी पडली तर कोण, हे नावानिशी ठरवावे. मुलाला स्टुलावर चढून स्वतः पलंगावर यायला महिनाभर आधीपासून शिकवावे. तुम्ही बसलेल्या असाल आणि त्याने येऊन कुशीत शिरावे, याला हरकत नाही; पोटावर उशी ठेवावी.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणे पहिले काही आठवडे जमत नाही. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणावी. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची सवय असेल तर पलंग लागेल, आणि पाठ व गुडघे वर राहतील अशा तीन-चार उशा. रोजच्या वापराच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवाव्यात. पुढून उघडणारे गाऊन, दाबपट्ट्याचे दोन जोड, इसबगोल, थर्मामीटर आणि ड्रेनमधले पाणी नोंदवायला वही घ्यावी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर असेल, तर पहिले दोन आठवडे खाली राहणाऱ्या नातेवाइकांकडे सोय होते का, ते बघावे.

आता तारीख. बसून करायच्या नोकरीवर दोन ते तीन आठवड्यांनी जाता येते. उभे राहण्याच्या किंवा उचलण्याच्या कामावर सहा ते आठ आठवड्यांनी. स्कूटर तीन-चार आठवडे नको. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हाळ्यात चोवीस तास दाबपट्टा घालणे फार कठीण जाते, आणि गौरी-गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर तारीख घेतली तर विश्रांती मिळत नाही, हे प्रत्येक बाईला मनातून माहीत असते.

अमेरिकेहून किंवा आखातातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्या-मुंबईत येऊन ऑपरेशन उरकण्याचा बेत अनेक जणी करतात. तीन आठवड्यांत पाणी साठण्याचा त्रास संपलेला नसतो आणि लांबच्या विमानप्रवासात पायात गाठी होण्याचा धोका वाढतो. किमान सहा आठवडे राहता येत असेल तरच हा बेत करावा, आणि परतल्यावर तिथला कोणता डॉक्टर जखम बघेल हे आधी ठरवावे.

टप्पा ७ : आदला दिवस आणि ती सकाळ

घन अन्न ऑपरेशनआधी किमान सहा तास बंद, तेलकट-जड जेवण त्याहून आधी. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम. पहाटेचा घोटभर चहा ‘पातळच तर आहे’ म्हणून घेतला जातो आणि ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. दुधाचा चहा अन्नात मोजला जातो.

पोटावरचे केस घरी रेझरने काढू नयेत. बारीक जखमांतून जंतू शिरतात. नेलपॉलिश काढावे आणि नखांवर मेंदी लावू नये, कारण बोटाला लावलेल्या यंत्राला प्राणवायूचे माप नीट मिळत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी घरी ठेवावी. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणामुळे धातूपाशी भाजू शकते. जोडवी घट्ट बसली असतील तर ती काढायला आठवडाभर आधी सोनाराकडे जावे.

सर्जन तुम्हाला उभे करून पोटावर रेघा काढतात. नेहमीची अंतर्वस्त्रे घालून जावे आणि परकराची नाडी कुठे बसते तेही दाखवावे, म्हणजे व्रण शक्य तितका खाली घेता येतो. या वेळी आरसा मागायला लाजू नये.

टप्पा ८ : ऑपरेशनमध्ये काय होते

खालून आडवा छेद घेऊन त्वचा-चरबीचा थर बरगड्यांपर्यंत उचलतात, फाकलेले स्नायू मध्यावर आणून शिवतात, पलंग कमरेत वाकवून जादा त्वचा कापतात आणि बेंबीसाठी नव्या जागी छिद्र करतात. बेंबी स्वतःच्या देठावर तशीच असते. बहुतेकदा दोन ड्रेन ठेवतात. रुग्णालयात एक-दोन दिवस राहावे लागते.

टप्पा ९ : पहिले दोन आठवडे

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात. दुखते, पण टाळू नये. पायात गाठी होऊ नयेत यासाठी चालण्याइतके दुसरे सोपे साधन नाही. जागेपणी दर तासा-दोन तासांनी घरातल्या घरात फेरी मारावी आणि सांगितल्यास रक्त पातळ करणारी इंजेक्शने नेमाने घ्यावीत. सात ते दहा दिवस कमरेतून थोडे वाकून चालायचे असते. ‘म्हातारीसारखी काय चालतेस’ असे कोणी म्हटले म्हणून ताठ होऊ नये, कारण त्यामुळे टाक्यांवर ताण येतो. झोपतानाही पाठ व गुडघे वर ठेवावेत. उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. खोकताना, शिंकताना आणि हसताना पोटावर उशी दाबून धरावी.

ड्रेनमधले पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहावे. चोवीस तासांत ते साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी झाले की डॉक्टर नळी काढतात. वेदनाशामकांमुळे शौचास कडक होते आणि कुंथल्याने शिवलेल्या स्नायूंवर ताण पडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी, फळे आणि डॉक्टरांनी सांगितलेले सौम्य औषध घ्यावे.

इशारा : बेंबीखालची त्वचा कित्येक महिने बधिर असते. बाळंतिणीला शेक द्यायच्या सवयीने घरातले कोणी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवते आणि चटका कळतच नाही. भाजून मोठे फोड येतात. या पोटाला शेक द्यायचा नाही, आणि बर्फही नाही.

लगेच डॉक्टरांना कळवण्याच्या गोष्टी : १००.४ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, पोटाची एकच बाजू अचानक फुगून घट्ट होणे, ड्रेनमध्ये एकाएकी लालभडक रक्त, दुर्गंधीचा स्राव, त्वचेची कड जांभळी-काळी पडणे. एका पोटरीत सूज व दुखणे, दम लागणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले, तर फोनची वाट न बघता थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि पोटाचे ऑपरेशन झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

टप्पा १० : सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंत

दाबपट्टा साधारण सहा आठवडे वापरतात. तो घट्ट असावा, पण श्वास अडेल किंवा त्वचेत वळ उठतील इतका नाही. एका जागी घडी पडून राहिली तर तिथली त्वचा दबते, म्हणून आत सुती बनियन घालावी. ड्रेन काढल्यावरही पोटाच्या त्वचेखाली पाणी साठू शकते. हलल्यावर पोटात पाणी डुचमळल्यासारखे वाटते, ती खूण. बाह्यरुग्ण विभागात सुईने ते काढतात आणि कधी दोन-तीनदा काढावे लागते. ही या शस्त्रक्रियेची नेहमीची गुंतागुंत आहे. तिला घाबरू नये आणि ती घरी अंगावर काढूही नये.

चालणे पहिल्या दिवसापासून, पोटाचे व्यायाम मात्र सहा ते आठ आठवड्यांनंतर आणि सर्जनने परवानगी दिल्यावरच, तेही श्वास आणि ओटीच्या स्नायूंपासून सुरुवात करून. साडी नेसायला हरकत नाही, पण परकराची नाडी व्रणावर किंवा बधिर भागावर आवळू नये. रुंद इलॅस्टिकचा परकर बरा.

जखम पूर्ण बंद झाली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल डॉक्टरांना विचारून सुरू करावे आणि निदान तीन महिने वापरावे. सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची आणि कीलॉइड (जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड व्रण) येण्याची शक्यता अधिक असते. कान टोचल्यावर किंवा सिझेरियननंतर असा व्रण आला असेल तर ते तिसऱ्या टप्प्यातच सर्जनला सांगायला हवे. हळद, तूप, डिंक यांपैकी काहीही ओल्या जखमेवर लावू नये.

सूज तीन ते सहा महिने राहते. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. व्रण पहिले काही महिने आधीपेक्षा लाल आणि टणक दिसतो आणि मग हळूहळू फिकट होतो. त्याचे अंतिम रूप यायला बारा ते अठरा महिने लागतात. व्रणाच्या टोकांना उरलेली त्वचेची टोके, दोन्ही बाजूंतला फरक किंवा बेंबीचा तिरकेपणा यांवर दुरुस्तीची घाई दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात करू नये. सूज उतरल्यावर यांतले बरेच आपोआप बसते, आणि जे उरते ते सहा महिन्यांनंतर, शक्यतो वर्षभराने, बहुधा जागेपुरती भूल देऊन दुरुस्त करता येते. त्या भेटीला जाताना ऑपरेशनपूर्वीचे फोटो आणि तिसऱ्या टप्प्यात लिहून घेतलेली उत्तरे बरोबर न्यावीत.